कापसाची खोली आणि अण्णांचा डावा हात

आमच्या माहेरी दिवाळी झाली की एक पाहुणा येतो आणि होळीपर्यंत हलत नाही. त्याला चहा लागत नाही, अंथरूण लागत नाही, पण घरातली सगळ्यात मोठी खोली लागते. हा पाहुणा म्हणजे कापूस. शेत मुदखेडच्या बाजूला. तिथल्या घरात आता उंदरांशिवाय कुणी राहत नाही, म्हणून वेचणी झाली की कापूस टेम्पोत भरून नांदेडच्या घरी येतो आणि भाव वाढेपर्यंत आमच्यात राहतो. भाव वाढणार ही माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, देवाइतकीच पक्की श्रद्धा. तोवर घरादाराच्या अंगाला खाज सुटलेली असते. आई दर वर्षी म्हणते, पुढच्या वर्षी हे घरात नको, आणि दर वर्षी तीच टेम्पोवाल्याला दार उघडून देते.

इतकी वर्षं मला त्याचं काही नव्हतं. पण आता त्या खोलीत माझा स्टुडिओ होता.

मी आवाजाचं काम करते. शाळांची स्वागतगीतं, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, निवडणूक आली की प्रचाराची गाणी, आणि बाकीचं वर्षभर भजनी मंडळं. सासर दोन गल्ल्या सोडून आहे, पण तिथं वरच्या मजल्यावर कुणीतरी सदा लोखंडी खुर्ची ओढत असतं. ती खुर्ची माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आली तेव्हा मी हात टेकले आणि माहेरच्या मागच्या खोलीत संसार मांडला. टेबल, कॉम्प्युटर, माइक, पडदे. अण्णांनी आनंदानं खोली दिली. दिवाळीनंतर तितक्याच आनंदानं कापूसही आणला.

"अण्णा, खोली माझी म्हणाला होता ना तुम्ही?"

"तुझीच हाय की. तू पुढं बस. कापूस मागं ऱ्हाईल."

मागं म्हणजे किती मागं, हे आधी विचारायला हवं होतं. मागच्या भिंतीला लागून पार माळ्यापर्यंत ढीग गेला आणि पुढं सरकत सरकत माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकला. मी दिवसभर कापसाला पाठ लावून काम करायची. केसांत कापूस, की-बोर्डात कापूस, चहात कापूस. गायला आलेल्या बायका माइकसमोर उभ्या राहून शिंकायच्या. रोज दोनदा तरी मी अण्णांना म्हणायची, विका हो हे आता. अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "थांब की जरा. चढून राहिलाय भाव."

त्याच थंडीत माझे नवे मॉनिटर आले. मॉनिटर म्हटलं की आमच्याकडं लोकांना कॉम्प्युटरचा पडदा आठवतो नाहीतर वर्गातला मुलगा, म्हणून सांगते. स्टुडिओत काम करताना ज्या स्पीकरवर ऐकतात त्यांना मॉनिटर म्हणतात. घरातला स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. मॉनिटरनं गोड करायचं नसतं, आहे तसं सांगायचं असतं. खर्जापासून वरच्या टिपेपर्यंत प्रत्येक सुराला तो सारखाच न्याय देतो का, याची एक रेघ काढतात. ती फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची रेघ. जितकी सपाट तितका स्पीकर खरा. मी महिनोन्‌महिने इंटरनेटवर असल्या रेघा एकमेकींशेजारी ठेवून बघत होते. स्थळं बघावीत तशा. याला खाली जरा खड्डा, त्याला वर जरा उंचवटा. शेवटी एक जोडी पसंत केली, ती आली, कापसाला पाठ लावून बसले आणि ऐकलं.

काय सांगू! एकेक आवाज वेगळा, एकेक आपल्या जागेवर. खर्ज गच्च आणि स्वच्छ. मी स्वतःच्या निवडीवर इतकी खूश झाले की नवऱ्याला ऑफिसातून बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, छान आहे, आणि शिंकला.

पहिलं मोठं काम आलं ते आमच्याच गल्लीतल्या भजनी मंडळाचं, आणि त्या मंडळाचे पखवाजी अण्णा. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण गल्लीत त्यांना गुरुजी कमी आणि पखवाजी जास्त म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. औषध, मालिश, रबरी चेंडू दाबणं, सगळं झालं. चालायला लागले, जेवायला लागले, शर्टाच्या गुंड्या लावायला लागले. आम्ही म्हणायचो, आता बरे झालात. ते म्हणायचे, धुमा वाजला की मग बघू.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुमा म्हणतात. वाजवायच्या आधी त्यावर मळलेली ओली कणीक थापायची, वाजवून झालं की खरवडून गाईला घालायची. त्या कणकेमुळं डाव्या थापेत घुमारा येतो. उजवा हात बोल बोलतो, पण पखवाजाचं पोट डाव्या हातात असतं. अण्णांचा डावा हात आता घुमारा काढतो की नाही, हाच त्यांच्या जिवाला लागलेला घोर होता. मंडळ त्यांच्यासाठी थांबून होतं. हे रेकॉर्डिंग म्हणजे मंडळाला हवी असलेली भजनं होतीच, पण अण्णांना त्यातून स्वतःचाच निकाल ऐकायचा होता. वाजवताना आपल्याला आपलं नीट कळत नाही, असं ते म्हणत.

संक्रांत झाल्यावर अर्धी भजनं केली. वाजवून झाल्यावर अण्णा माझ्या खुर्चीत बसले, हात पुसले, डोळे मिटले. मी लावलं. धुमा आला, असा आला की टेबलावरच्या कपातला चहा हलला.

"हाव," अण्णा म्हणाले. "हाय. हातात हाय अजून."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारायच्या आधीच म्हणाली, कापूस गेला डोळ्यात.

मला वाटलं, चला, सुटलो. आता फक्त कापूस तेवढा जाऊ दे. मी जोर लावला. रोज दोनदाचं चारदा केलं. आईला फितवलं, नवऱ्याला बोलायला लावलं, अण्णांना डॉक्टरांच्या नावानं भीती घातली की छातीत जातो हा. होळीच्या आधी अण्णा वैतागले आणि कापूस गेला. कापूस न्यायला जिनिंग मिलची गाडी दारात लागली तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. आईनं खोली झाडली, पुसली, मी भिंतीला रंग दिला. इतकी मोठी, इतकी स्वच्छ खोली! उरलेली भजनं आम्ही त्या खोलीत केली. अण्णा वाजवून उठले, खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी लावलं.

धुमा नाही.

म्हणजे कणकेवर थाप पडल्याचा फटका ऐकू येत होता, पण त्याच्या मागचा घुमारा नाही. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसं. उजवा हात ठणठणीत, टाळ झळझळीत, गळे सगळे व्यवस्थित. फक्त अण्णांचा डावा हात कुणीतरी पुसून टाकलेला.

मी आवाज वाढवला. सगळं वाढलं, धुमा नाही. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. मी म्हणाले, स्पीकरला काहीतरी झालंय, थांबा, तुम्हाला जुनंच लावून दाखवते. संक्रांतीचं लावलं, चहा हलवणारं. त्यातही धुमा नाही.

"बघा!" मी म्हणाले. "हे तर तुम्ही ऐकलं होतं ना? तेव्हा होता, आता न्हाई. म्हणजे स्पीकरच बिघडलाय."

अण्णा उठले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तेव्हा तू वाढवून ऐकवलं असशील माय," ते म्हणाले. "बापाला बरं वाटावं म्हणून. मी काय रागावलो न्हाई."

"अण्णा, शपथ घेऊ का?"

"शपथा घेऊ नको. मंडळाला सांग, दुसरा पखवाजी बघा म्हणावं."

त्यांनी कणीक खरवडली, पखवाज गवसणीत घातला, नाडी बांधली आणि तो उचलून आतल्या कपाटावर ठेवला. गवसणीच्या नाडीला ते नेहमी सुरगाठ मारतात. या वेळी निरगाठ मारली.

आता माझी चिडचिड सुरू झाली ती पुढचे कित्येक आठवडे थांबली नाही. आधी मी स्पीकरच्या मागं लागले. मागच्या बाजूला खर्ज बाहेर पडायला एक भोक असतं, त्यात टॉर्च मारला तर आत कापसाचे पुंजके. म्हटलं सापडला चोर! चिमट्यानं सगळा कापूस ओढून काढला, पुन्हा लावलं. धुमा नाही. पेटी उघडून उंदरानं काही कुरतडलंय का तेही बघितलं. काही नाही. स्पीकर दिसायला अगदी शहाणा.

मग सल्ले सुरू झाले. नांदेडात सल्ल्याला तोटा नाही. काका आले आणि म्हणाले, तुझं तोंड दक्षिणेला, आवाज जाणारच, टेबल पूर्वेला फिरव. फिरवलं. काही फरक नाही, फक्त सकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांत यायला लागली. परत फिरवलं. वायरमन म्हणाला, अर्थिंगचा प्रॉब्लेम. आणि वायरमनपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत, भिंतीला अंड्याचे ट्रे लावा. हे ज्ञान या लोकांना कुठून मिळतं मला माहीत नाही, पण आवाज म्हटला की अंड्याचे ट्रे. मीही इतकी वैतागले होते की खरंच ट्रे घेऊन आले.

आई दारातच उभी राहिली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ.

"माळकऱ्याच्या घरात? भजन म्हणायच्या खोलीत? अंडी?"

"अंडी नाहीत आई, नुसते कागदाचे ट्रे आहेत."

"त्यात काय लाडू ठेवले होते का?"

शेवटी आईनं सगळ्या ट्रेंवर गोमूत्र शिंपडलं आणि मग आत येऊ दिले. कागदाचेच ते, ओले झाल्यावर गळून पडले. जे उरले ते लावले. टाळांचा चरचराट थोडा कमी झाला, धुमा होता तिथंच. म्हणजे नव्हताच. खोलीला मात्र आठवडाभर वास येत राहिला.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. मंडळ मागं लागलं होतं, चैत्रातल्या सप्ताहात भजनं लावायची होती. मी खुर्चीत बसून धुम्याचा खर्ज बटणानं वाढवत गेले, वाढवत गेले, माझ्या कानाला बरा वाटेपर्यंत वाढवला आणि पेनड्राइव्ह देऊन टाकला. देवळातल्या स्पीकरवर पहिलं भजन लागलं आणि मंडपाचे पत्रे थरथरले. टाळ नाहीत, शब्द नाहीत, नुसता धुम-धुम-धुम. मंडळातले एक म्हातारे कानावर हात ठेवून म्हणाले, "हे काय वं, वरातीतला डीजे लावला का काय?"

लोक हसले. अण्णा तिथंच खांबाला टेकून बसले होते. ते हसले नाहीत. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, "आता पटलं का? वाढवल्याबगर येतच न्हाई माझ्या हातात."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. स्वतःचा, स्पीकरचा, सपाट रेघा काढणाऱ्या कंपनीचा, आणि एवढं शिकून काहीच ऐकून न घेणाऱ्या बापाचा.

लातूरला माझा मावसभाऊ असतो. तो शिकवणीच्या वर्गांची लेक्चरं रेकॉर्ड करतो. लातुरात त्याला मरण नाही. त्याच्याकडं मोजणीचा माइक आहे आणि दुसऱ्या कंपनीची मॉनिटरची जोडी. म्हटलं आपली जोडी त्याच्या जोडीशेजारी ठेवून सोक्षमोक्ष लावू. दोन्ही स्पीकर वाकळांत गुंडाळले आणि एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही हाय का?" म्हटलं, स्पीकर आहेत. "वाजीवणार का?" म्हटलं, नाही. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, अंड्याचे ट्रे लावतात बघा त्याला. मी अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

भावाच्या खोलीत त्यानं माइक उभा केला आणि आधी त्याचे, मग माझे स्पीकर लावले. खालच्या जाड आवाजापासून वरच्या किरट्या आवाजापर्यंत एक लांब शिट्टी वाजते आणि स्क्रीनवर रेघ उमटते. त्याची रेघ, माझी रेघ. दोन्ही एकमेकींवर पडल्या. खाली माझीच जरा बरी.

"ताई, काहीच झालं न्हाई याला," तो म्हणाला. "चांगला हाय की तुझा माल."

अण्णांचं रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही रेकॉर्डिंगं लावली, संक्रांतीचं आणि होळीनंतरचं. दोन्हींत धुमा. दोन्हींत! मी त्याला पुन्हा एकदा दोन्ही लावायला लावली. हात गेला नव्हता. पण हे नांदेडला जाऊन कुणाला सांगू? लातूरला तुमचा हात चांगला आहे, नांदेडला नाही, असं?

भाऊ सुटीच्या दिवशी माइक आणि त्याची जोडी घेऊन नांदेडला आला. माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या जागी माइक ठेवला. शिट्टी वाजली, रेघ उमटली, आणि खालच्या बाजूला, नेमका जिथं धुम्याचा घुमारा असतो तिथं, विहिरीसारखा खड्डा. त्याचे स्पीकर लावले. तोच खड्डा, त्याच जागी. दोन कंपन्यांचे दोन स्पीकर, लातुरात दोघे सरळ, आणि माझ्या खोलीत दोघेही एकाच विहिरीत पडलेले. भावानं माइक उचलून मागच्या भिंतीला लावला. खड्डा गायब, उलट तिथं टेकाड.

"भिंत हाय ही," तो म्हणाला. "खर्ज जातो, मागच्या भिंतीवर आदळतो, परत येतो. खुर्चीपाशी येईस्तोवर जाणारा वर आणि येणारा खाली. दोघं एकमेकाला खातात. तू नेमकी तिथंच बसून राहिलीस. आधी काय होतं इथं मागं?"

मी रंग दिलेल्या भिंतीकडं बघितलं. आई दारातून म्हणाली, "कापूस होता. हिनंच काढायला लावला."

भाऊ इतका हसला की खाली बसला. कापूस असताना आवाजाला परत यायला भिंत सापडतच नव्हती. पुरुषभर जाडीच्या कापसात शिरायचा आणि तिथंच जिरायचा. जगात लोक खास गाद्या, खास फळ्या लावून जी खोली करतात, ती अण्णांनी भाव चढायची वाट बघता बघता मला फुकट करून दिली होती. "तू स्पीकर पसंतच केले न्हाईस ताई," तो म्हणाला. "तुला कापूस पसंत पडला होता."

मी धावत अण्णांकडं गेले. ते ओसरीत पेपर वाचत होते. सगळं सांगितलं, भिंत, परत येणारा आवाज, कापूस.

"आधी स्पीकर बिघडला होता," ते म्हणाले. "आता भिंत बिघडली."

"अण्णा, परावर्तन आहे ते!"

"परावर्तन मी आठवीला शिकवलंय. मला नको शिकवू." आणि पेपर उलटला.

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण भिंतीनं तेवढंही सुख दिलं नसतं. भर उन्हाळ्यात कापूस आणायचा कुठून? गाद्या मागायला मंडपवाल्याकडं गेले तर तो म्हणाला, लग्नसराई हाय ताई, झोपायला माझ्या घरी गादी न्हाई. मी घरातल्या वाकळा, चादरी, आईच्या जुन्या साड्या रचून बघितल्या. भिंतीला त्याचं काहीच वाटलं नाही. खर्जाला जाडी लागते. त्या दोन महिन्यांत मी इतर कामं खुर्ची तिरकी ओढून, वाकून, भिंतीशी कान लावून कशीबशी केली. अण्णा संध्याकाळी मंडळात जाऊन टाळ धरायचे. पखवाजासमोर नवा माणूस बसायचा, आणि अण्णा त्याच्याकडं न बघता टाळ वाजवायचे. आई सांगायची, झोपेत त्यांचा डावा हात गादीवर ठेका धरतो. हे ऐकलं की मला दोघांचाही राग यायचा, सांगणारीचा आणि झोपणाऱ्याचा.

आषाढात मंडपवाला आपण होऊन दारात आला. मुहूर्त संपले होते, गाद्या सगळ्या परत आल्या होत्या आणि त्याचं गोदाम गळत होतं. "ताई, तुम्हाला पाहिजे होत्या ना? ठेवून घ्या. तुळशीच्या लग्नापत्तोर राहू द्या." टेम्पो लागला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, कापूस गेला तर गाद्या आल्या. मागच्या भिंतीला माळ्यापर्यंत थप्प्या लागल्या, एकीपुढं दुसरी, माझ्या खुर्चीच्या पाठीपर्यंत. लग्नातल्या जिलेबीच्या पाकाचा आणि अत्तराचा वास. मी खुर्चीत बसले आणि अण्णांचं होळीनंतरचं रेकॉर्डिंग लावलं.

धुमा आला. टेबलावर पेन गडगडलं.

अण्णा दारात उभे होते. ते गाद्या बघायला आले होते, ओल लागली तर भिंत खराब होईल म्हणून सांगायला.

"परत वाढवलंस?"

माझा तोल गेला. "बटणाला हात लावला न्हाई! या, बसा इथं, तुमच्या डोळ्यांनी बघा, विज्ञान शिकवलंय ना?"

ते आले. बसले. सगळी बटणं एकेक करून बघितली, चष्मा वर-खाली करून. ऐकलं. मग म्हणाले, "गाद्या बाहेर काढ."

"काय?"

"प्रयोग असा अर्धवट न्हाई होत. काढ बाहेर."

मी आणि नवऱ्यानं सगळ्या थप्प्या ओसरीत काढल्या. अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. ऐकलं. धुमा गेला. "घाला आत." घातल्या. धुमा आला. "पुन्हा एकदा." नवरा माझ्याकडं बघून दात-ओठ खात होता. आई मधे मधे पाणी आणून देत होती आणि तिला फार मजा वाटत होती. दुसऱ्यांदा गाद्या आत आल्यावर अण्णा बराच वेळ नुसतं ऐकत राहिले, खाली मान घालून. मला वाटलं, जिंकले. एवढ्यात ते म्हणाले, "थांबव. जरा मागं घे."

मी मागं घेतलं.

"ऐक. लय वाढली की डावा उशिरा पडतो. समेच्या आधीच्या थापेला. ऐकलंस?"

मी ऐकलं. होतं तसंच. केसभर उशीर, पण होता, आणि प्रत्येक भजनात होता. संक्रांतीला सगळे घुमाऱ्यातच गुंतलो होतो, आणि नंतर खड्ड्यामुळं घुमाराच नव्हता, म्हणून तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. एवढा खटाटोप करून मी त्यांना नेमकं हेच ऐकवलं होतं. मी म्हणाले, "काही न्हाई हो अण्णा, कुणाला कळणार पण न्हाई."

"मला कळलं की." ते डावा हात समोर धरून बोटं उघडत-मिटत होते. चेहरा पडलेला नव्हता. कितीतरी दिवसांनी तो वर्गातल्या मास्तरांचा चेहरा दिसला, मुलाची नेमकी चूक सापडल्यावर व्हायचा तसा. "हात गेला का भिंत, तेच कळत नव्हतं इतके दिवस. आता कळलं. हाताचं मी बघतो. भिंतीचं तू बघ."

मग ते आतल्या खोलीत गेले. कपाटावरून पखवाज उतरवल्याचा आवाज आला. निरगाठ सुटेना तेव्हा त्यांनी नाडी सरळ कापली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं ऐकलं का? कणीक मळ जरा."

"भाकऱ्या टाकून राहिले मी," आई आतून म्हणाली. "कणीक कशाला आता?"

"खायला न्हाई."

आईच्या हातातली परात खाली पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं ती गोळा घेऊन आली, अजून हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं. अण्णांनी पुढं केला तो डावा हात.